गोया कोन मोजी? रायफलच्या नव्या परीक्षेची गोष्ट

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या मैदानावर पहाटे पाचला वीस-पंचवीस पोरं आणि सहा-सात पोरी धावायला येतात. कुणाला अग्निवीर व्हायचंय, कुणाला पोलीस, कुणाला धुळ्याच्या एसआरपीत जायचंय. मी सतरा वर्षं पायदळात काढून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो, म्हणून शिट्टी माझ्या गळ्यात. गेल्या महिन्यात शेवटची फेरी संपवून सगळे घाम पुसत बसले होते, तेव्हा एकाने मोबाईल माझ्यापुढे धरला. अमेरिकन सैनिकांची रायफलची परीक्षा चालू होती. पोराचा अहिराणीतला प्रश्न एवढाच (गोया म्हणजे गोळ्या, काब्रं म्हणजे कशाला), ‘नाना, यास्ना मॅगझिनमा तीस गोया मावतस ना? मंग दहा-दहाच काब्रं भरतस?’

प्रश्न ऐकून मी खूश झालो. बघणाऱ्याची नजर सहसा बंदुकीवर असते, हा मॅगझिनकडे, म्हणजे गोळ्या भरायच्या डब्याकडे, बघत होता. आणि त्या परीक्षेतली खरी मेख तिथेच आहे.

आधी परीक्षा काय असते ते सांगतो. भरती झाली, ट्रेनिंग झालं, म्हणजे गोळी चालवता येते असं फौज गृहीत धरत नाही. ठरावीक काळाने रेंजवर बोलावतात आणि सिद्ध करायला लावतात. आमच्या पलटणीत स्वयंपाकी, कारकून, ड्रायव्हर कुणाचीच यातून सुटका नव्हती. अमेरिकन फौजेतही तेच. तिथे ४० टार्गेट आणि ४० गोळ्या. टार्गेट ५० ते ३०० मीटरच्या दरम्यान कुठेही उभं राहतं, काही सेकंद दिसतं आणि परत खाली जातं. लागलं तर लगेच आडवं होतं. २३ लागली की पास. २३ ते २९ मार्क्समन, ३० ते ३५ शार्पशूटर, ३६ आणि वर एक्स्पर्ट. बिल्ला त्याप्रमाणे छातीवर लागतो.

हे आकडे जुन्या परीक्षेतही हेच होते. त्यामुळे २०१९ मध्ये त्यांची नवी पुस्तिका आली तेव्हा वरवर बघणाऱ्याला वाटलं असेल, बदललं काय? गोळ्या तेवढ्याच, पासिंगही तेवढंच.

बदलली ती मधली रीत. जुन्या परीक्षेत वीस गोळ्या पोटावर पडून, रायफल वाळूच्या पोत्यावर टेकवून झाडायच्या. मग दहा पोटावरच, पण बिनटेक्याच्या. मग दहा गुडघ्यावर बसून. एक टप्पा झाला की टॉवरवरचा भोंगा थांबवायचा, मॅगझिन बदलायला सांगायचा, पोझिशन घ्यायला सांगायचा, सगळे तयार झाले की पुढचा टप्पा. मधेच रायफल अडली तर हात वर करायचा आणि राहिलेल्या गोळ्या नंतर मारायला मिळायच्या.

नव्या परीक्षेत चार टप्पे, प्रत्येकात दहा टार्गेट. सैनिक उभा असतो. टार्गेट दिसायला लागली की पोटावर पडायचं आणि बिनटेक्याने मारायचं. दुसरा टप्पा पोटावरच, पण टेक्याने. तिसरा गुडघ्यावर, आडोशाला टेकून. चौथा उभ्याने, त्याच आडोशाला टेकून. जुन्या परीक्षेत उभ्याने मारणं नव्हतंच. आणि एकदा सुरू झालं की भोंगा गप्प. आता मॅगझिन बदल, आता गुडघ्यावर ये, असं कुणी सांगत नाही. टार्गेट मात्र आपल्या वेळेवर येतच राहतात, कधी एक, कधी एकापेक्षा जास्त. गोळी अडली तर स्वतः काढायची. त्या वेळात जी टार्गेट येऊन गेली ती गेली.

आता ही पोझिशनची क्रमवारी पोरांच्या डोक्यात बसेना. मी म्हटलं, पुस्तक सोडा, शेतात चला. तू सकाळी पाणी द्यायला निघालास आणि समोरून गोळी आली. पहिलं काय करशील? जिथे आहेस तिथेच आडवा. टेका शोधायला वेळ कुणाला आहे! मग सरपटत बांधापर्यंत जाशील आणि रायफल बांधावर टेकवशील. तिथून कापूस आड येत असेल तर विहिरीच्या कठड्यामागे गुडघ्यावर बसशील. आणि तिथूनही दिसत नसेल तर गोठ्याच्या भिंतीला चिकटून उभा राहशील. झाले चार टप्पे. इराक-अफगाणिस्तानात दीड-दोन दशकं काढलेल्या फौजेला भिंतीमागून मारता येणं गरजेचं वाटलं, यात नवल नाही. जुनी परीक्षा खंदकात पडून राहणाऱ्या शिपायाची होती.

हे पटलं तरी पोराचा प्रश्न शिल्लकच होता. दहाच का?

कारण दहा भरल्या की तीन वेळा मॅगझिन बदलावंच लागतं. तीस भरल्या असत्या तर एकदाच. मॅगझिन बदलणं हाच परीक्षेचा अर्धा पेपर आहे. त्यांच्या एम-४ रायफलीत शेवटची गोळी गेली की बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा भाग, मागेच अडकून राहतो, हाताला कळतं. एके-४७ च्या घराण्यातल्या बहुतेक रायफलींत ती सोय नाही. तिथे ट्रिगर दाबल्यावर नुसतं ‘टक्’ होतं तेव्हा कळतं. पण बोल्ट मागे राहिला तरी उशीर झालेलाच असतो, कारण तोवर पुढचं टार्गेट उभं राहिलेलं असतं. ज्याने मनात मोजलं, तो दहावी गोळी सुटताच पोझिशन सोडतो आणि हात आपोआप पाऊचकडे जातो. ज्याने मोजलं नाही, तो अकराव्या टार्गेटवर शिस्त, म्हणजे नेम, धरून रिकामी रायफल दाबत बसतो.

‘मंग गोया कोन मोजी?’ पोराने विचारलं.

‘तूच मोजशी. दुसरा कोन?’

हे मी इतक्या तोऱ्यात सांगितलं खरं, पण माझीच गोष्ट ऐका. आमच्याकडे इन्सास रायफल होती. तिचं मॅगझिन वीस गोळ्यांचं आणि अर्धपारदर्शक, आतल्या गोळ्या बाहेरून दिसतात. दिसतात, पण फायर करताना बघतो कोण? फायरच्या आधी गोळ्या उस्ताद मोजून द्यायचा. फायरनंतर खाली पडलेली खोकी, म्हणजे रिकामी काडतुसं, मोजून जमा व्हायची, एक कमी निघालं तर अख्खी तुकडी गवत चिवडत बसायची. म्हणजे आधी मोजणारा होता, नंतर मोजणारा होता, आणि मधे, जेव्हा मोजायला हवं तेव्हा, कुणीच नव्हतं. एकदा गुडघ्यावर बसून मी मोठ्या ऐटीत शिस्त धरली, श्वास रोखला, ट्रिगर दाबला. टक्. मागून उस्ताद शांतपणे म्हणाला, ‘बेटा, दुश्मन हँस रहा है.’

मोजण्यातून आणखी एक हिशेब निघतो, तो जास्त अवघड आहे. दहा टार्गेटला दहाच गोळ्या. समजा तिसरं टार्गेट चुकलं आणि ते अजून उभं आहे. दुसरी गोळी घालायची? घातली आणि लागली तर बरोबरी झाली असं वाटतं, पण त्या टप्प्यातलं शेवटचं टार्गेट उभं राहील तेव्हा मॅगझिन रिकामं असेल. आणि ३०० मीटरच्या टार्गेटवर दोन गोळ्या उधळून ५० मीटरचं सोपं टार्गेट हातचं घालवणं म्हणजे रानातल्या कबुतरामागे धावताना घरची कोंबडी सोडून देणं. हा निर्णय एका श्वासात घ्यावा लागतो. भोंगा होता तेव्हा असला विचार करायला भोंग्याच्या दोन हुकमांमध्ये उसंत मिळायची.

एक मॅगझिन बदलताना हात गोंधळला आणि तीन-चार टार्गेट निघून गेली असं धरा. तिन्ही बदलांत तसं झालं तर दहा-बारा गेली. म्हणजे एकही नेम न चुकता माणूस एक्स्पर्टचा जेमतेम शार्पशूटर होतो, किंवा मार्क्समन. नेम पक्का आणि हात अडाणी, असे गडी जुन्या परीक्षेत झाकून जात होते.

मग तयारी कशी करतात? त्यांनी सहा पायऱ्या केल्या आहेत आणि गंमत अशी की पहिल्या तीन पायऱ्यांवर खरी गोळी नाहीच. पहिली वर्गातली, रायफलीचे भाग आणि तोंडी-लेखी. दुसरी सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावर टार्गेट आणि हातात गोळीविना चालणारी रायफल. तिसरी हातसराव. चौथीला पहिली खरी गोळी, ग्रुपिंग (गोळ्या एकाच जागी बसवणं) आणि झिरोइंग (नेम धरायची साईट जुळवणं). पाचवी परीक्षेची रंगीत तालीम आणि सहावी परीक्षा.

माझं मत विचाराल तर सगळा खेळ तिसऱ्या पायरीवर आहे आणि ती सगळ्यात कंटाळवाणी आहे, म्हणून सगळ्यात आधी गाळली जाते. उभ्याचं पोटावर पडणं, पोटावरून गुडघ्यावर येणं, मॅगझिन काढणं-लावणं, अडलेली गोळी काढणं. आमच्याकडे या शेवटच्याला फौरी इलाज म्हणतात. हे शंभर वेळा, दोनशे वेळा, रिकाम्या रायफलीवर. आपली रायफल खांद्याला लावली की आपली नजर टार्गेटवरून हलता कामा नये. मॅगझिन शोधायला मान खाली गेली की समजायचं सराव कमी पडला. चुलीपुढे बसलेली आपली आई तव्यावरची भाकरी उलटताना मागच्या डब्यातलं मीठ न बघता उचलते, तसा हात पाऊचमध्ये गेला पाहिजे.

नेमाचा सरावही बिनगोळीचा होतो. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करायची, नळीच्या टोकावर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ट्रिगर दाबायचा. नाणं पडलं तर ट्रिगर दाबला नाही, ओढला. गोळी असताना हे कळत नाही, कारण रायफल तशीही उसळते आणि त्या धक्क्यात आपली चूक लपून जाते. रिकामी रायफल चुगली करते.

दाबणं आणि ओढणं यातला फरक किती? साधं त्रैराशिक मांडू. पुढची आणि मागची साईट यांच्यात अर्धा मीटर अंतर धरलं आणि ट्रिगर ओढताना पुढची साईट एकच मिलिमीटर हलली, तर ३०० मीटरवर गोळी ६० सेंटीमीटर बाजूला जाते. टार्गेटची रुंदीच साधारण अर्धा मीटर. म्हणजे बरोबर मध्यावर धरलेली शिस्त एका मिलिमीटरने टार्गेटच्या बाहेर गेली. तीच चूक ५० मीटरवर १० सेंटीमीटरची, तिथे ती माफ होते. म्हणून नवशिक्याला जवळची टार्गेट लागतात आणि त्याला वाटतं आपल्याला जमलं.

चौथ्या पायरीवरचं झिरोइंग बहुतेकांना कोड्यासारखं वाटतं. टार्गेट ३०० मीटरवर असणार, मग २५ मीटरवर कागद का लावतात? साईट नळीच्या वर असते. आपली नजर सरळ रेषेत जाते, गोळी मात्र त्या रेषेच्या खालून निघते आणि नळी किंचित वर तोंड करून असल्यामुळे चढत जाते. साधारण २५ मीटरवर ती नजरेची रेषा ओलांडते, वर जाते, मग वजनाने खाली यायला लागते आणि ३०० मीटरच्या आसपास पुन्हा रेषेवर येते. गलोलीने लांबची कैरी पाडताना आपण दगड थोडा वर मारतोच की. त्यामुळे २५ मीटरवर साईट जुळवली की ३०० ची आपोआप जुळते. मधल्या दीडशे-दोनशे मीटरवर गोळी रेषेच्या वर असते, वीतभराच्या आत, म्हणून तिथे शिस्त थोडी खाली धरायची.

त्या कागदावर पाच गोळ्या चार सेंटीमीटरच्या गोलात, म्हणजे लिंबाएवढ्या जागेत, बसायला हव्यात. चारच का? २५ चे ३०० म्हणजे बारा पट. चार गुणिले बारा, ४८ सेंटीमीटर. पुन्हा तोच टार्गेटचा अर्धा मीटर. लिंबात बसणारा ग्रुप ३०० मीटरवर छातीत बसतो. आधी ग्रुप घट्ट करायचा आणि मगच साईट फिरवायची. पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या असतील तर दोष साईटचा नाही, आणि साईटचे क्लिक फिरवत बसणं म्हणजे हात थरथरतोय म्हणून तराजूला नाव ठेवणं.

ग्रुप घट्ट कसा होतो? स्नायूने नाही, हाडाने. रायफलीचा भार कोपरावर, कोपराचा जमिनीवर. स्नायू थकतो आणि कापतो, हाड कापत नाही. हे मैदानावर बिनबंदुकीचं करून बघता येतं. उभं राहून हात लांब करा, बोट विजेच्या खांबावर धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. बोट खांबावर राहिलं नसेल तर जिथे गेलं तीच तुमच्या अंगाची खरी दिशा. आता हात वळवू नका, पाय वळवा. हात वळवून आणलेलं बोट परत सरकणारच. आमच्यातल्या एका पोरीला हे पहिल्या फटक्यात जमलं आणि तिला विचारलं तर म्हणाली, ज्वारीत पाखरं राखायला मचाणावर उभी राहायचे, गोफण फिरवायच्या आधी पायच लावावे लागतात.

सातपुड्यातल्या तिरंदाजाला तर यातलं काही शिकवावं लागू नये. आमच्या शेजारच्या धरणगावात १८२५ साली जेम्स आउट्रमने भिल्लांची पलटण उभी केली, तिचं ठाणं तिथेच होतं. तिरकमठा चालवणाऱ्याला गोळ्या मोजण्याचा प्रश्नच नसतो. प्रत्येक बाण भात्यातून हाताने काढल्याशिवाय चढत नाही, त्यामुळे किती उरले ते बोटांनाच ठाऊक. मॅगझिनने ही मोजदाद हातातून काढून घेतली आणि मग ती परत डोक्यात घालायला परीक्षा काढावी लागली.

आपल्या भाषेला हे ठाऊक असावं. ‘शिस्त’ म्हटलं की आता रांगेत उभं राहणं आठवतं, पण शिस्त धरणं म्हणजे नेम धरणं हा जुना अर्थ आहे आणि फौजेत तो आजही रोज वापरात आहे. आणि ‘नेम’? तोही दोन्हीकडचा. नेम लागतोही आणि नित्यनेम पाळलाही जातो. पोरांना सांगितलं तर एक म्हणाला, म्हणजे पहाटे पाचला उठणं पण नेमच झाला. म्हटलं, झाला की, तू तेवढा सव्वापाचला येतोस.

आपल्याकडे उन्हाची एक भानगड जास्त आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अकरा वाजल्यानंतर काळ्या जमिनीवरून हवा उकळल्यासारखी दिसते आणि लांबचं टार्गेट पाण्यात तरंगल्यासारखं हलतं. म्हणून रेंज उजाडतानाच सुरू झालेली बरी. गोळ्यांची मात्र आपल्याला नवलाई नाही. भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत इन्सासच्या ५.५६ मिलिमीटरच्या गोळ्या बनतात आणि भुसावळच्या निर्माणीत दारूगोळ्याच्या पेट्या. माझ्या नोकरीत मी कुठे कुठे फिरलो, आणि पेटी उघडताना प्रत्येक वेळी मला भुसावळ स्टेशनचा चहा आठवायचा.

आता आपल्या फौजेत इन्सासच्या जागी एके-२०३ येते आहे, उत्तर प्रदेशात कोरव्याला बनते. तिची गोळी ७.६२ बाय ३९, जास्त जड आणि जास्त सावकाश, म्हणून लांबवर लवकर खाली येते. झिरोचा हिशेब बदलतो, मॅगझिन लावायची तऱ्हा बदलते. ज्या हातांना एका रायफलीची सवय झाली, त्यांना तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात.

माझ्या मैदानावर रायफल नाही आणि असूही नये. बांबूच्या काठ्या आहेत. त्या प्रश्नानंतर मी एक खेळ सुरू केला. पोरांच्या खिशात बोरी नदीतले गोटे भरतो, दर वेळी वेगळे, सहा ते दहा, आणि ते त्यांच्यादेखत मोजून. मग पळायचं, पोटावर पडायचं, एक गोटा डब्यावर मारायचा, उठायचं, बांधापर्यंत जायचं, परत मारायचं, गुडघ्यावर, उभ्याने. मधे मी मुद्दाम विचारतो, भरतीचा फॉर्म भरला का, आईचा गुडघा कसा आहे. आणि अचानक शिट्टी मारून ओरडतो, ‘किती राहिले?’ खिशाला हात लावायचा नाही, सांगायचं.

ज्याने प्रश्न विचारला होता तो पहिल्या दिवशी छातीठोकपणे म्हणाला, ‘तीन, नाना.’ खिसा उलटा केला. दोन गोटे निघाले आणि घामाने भिजलेलं शेंगदाण्याचं टरफल.